मागचा डावा स्पीकर
कोऱ्या कापडाच्या खळीचा वास आला की मला आमच्या भिवंडीच्या मोटारीची डिकी आठवते. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तुमच्या आजोबांनी गाडीत टेप आणि मागच्या सीटच्या पाठीमागे दोन स्पीकर बसवून घेतले होते; डिकी मात्र कायम कापडाच्या ताग्यांनी भरलेली असे. माझे सासरे मागेच बसत. एके दिवशी गाडीत भजनाची टेप चालू असताना त्यांनी जाहीर केलं, "डावा कान गेला माझा. लूमनं खाल्ला. आता भजनात पखवाज न्हाय वाजवायचा." त्यांचं सगळं आयुष्य यंत्रमागांच्या खडखडाटात गेलेलं, त्यामुळे कुणालाच नवल वाटलं नाही. पुढे वज्रेश्वरीहून परतताना मी त्यांच्याशेजारी बसले, तर डावीकडून मलाही काही ऐकू येईना. मी गाडी थांबवायला सांगितली. तुमच्या आजोबांनी दोन्ही स्पीकरच्या वायरी अदलाबदल करून लावल्या, तेव्हा डावा वाजू लागला आणि उजवा मुका झाला. म्हणजे स्पीकर ठीक होता, बिघाड वायरीत होता. तागे रस्त्याकडेला उतरवल्यावर त्यांच्या घासण्याने तुटलेली वायर सापडली. "उगाच लूमला शिव्या घातल्या मी. तुझे तागे हायत चोर!" सासरे मुलाला म्हणाले, आणि घर येईपर्यंत पुढच्या सीटच्या पाठीवर बोटांनी ठेका धरून बसले. परवा तुमचा फोन आला तेव्हा उजव्या कानाला आवाज पुसट येत होता. मी फोन डाव्या कानाला लावून पाहिला. फोन ठणठणीत होता.