थोडं म्हणजे किती

मला इंग्रजी किती वाचता येतं, हे मोजायला डोंगरीच्या एका टीचरनी शिकवलं. हे आधीच सांगून टाकतो. पुढे जे सांगणार आहे त्यात माझी बाजू काही फार चांगली नाही, आणि ते वाचून कुणाला वाटायला नको की मला तसं वळण त्यांनी लावलं. त्यांनी शिकवलं ते सगळं सरळ होतं. वाकडं होतं ते माझ्या पोटात.

साठच्या दशकाच्या शेवटाला मी भाईंदरला बर्फाच्या कारखान्यात लागलो. घर रत्नागिरीकडचं. सातवीला असताना वडील अंथरुणाला लागले आणि शाळा सुटली. इंग्रजीची अक्षरं तेवढी ओळखीची झाली होती, ती सोबत घेऊन इकडे आलो. कारखान्यातला बर्फ ट्रकने उत्तनला, चौकला, तिथल्या कोळ्यांच्या होड्यांसाठी जायचा. माझं काम लाद्यांचं. चिमटा लावून लादी ओढायची, गोणपाटात गुंडाळायची, ट्रकवर चढवायची. दुपारपर्यंत बोटं आपली वाटायची नाहीत. आईला पत्रात लिहायचो, काम थंडाव्याचं आहे, काळजी करू नको.

भिंतीपलीकडे मशीन-रूम होती. तिथे कोरडं होतं, बसायला स्टूल होतं. तिथला माणूस काट्यांवरचे आकडे बघून रजिस्टरमध्ये लिहायचा आणि पाइपांवरचे वॉल उघडायचा, बंद करायचा. मला त्या खोलीत जायचं होतं. दुसरं काही मागणं नव्हतं. पण मशीनचं पुस्तक इंग्रजीत, भिंतीवरच्या सूचना इंग्रजीत. वाचता येणाऱ्यालाच आत घ्यायचे.

आम्ही एकाच वाडीतले सहाजण एका खोलीत राहत होतो. त्यातला एक माझ्याबरोबरच लाद्यांवर होता. माझ्याहून दीड वर्षाने मोठा, मामाकडे राहून नववीपर्यंत शिकलेला. त्याचे वडील वाडीत श्रावणात पोथी वाचायचे. आमच्याकडे पोथी वाचणाऱ्याला मोठा मान. अडखळला नाही, श्वास घ्यायला भलत्या जागी थांबला नाही, की बायामाणसं म्हणणार, काय वाचतो! अर्थ त्याला कुणी विचारत नाही. तोच गळा मुलाने उचलला होता. हॉटेलातून कालचा इंग्रजी पेपर आणायचा आणि सकाळी खोलीच्या दारात उभा राहून मोठ्याने वाचायचा. पाणी भरणाऱ्या बायका हंडा खाली ठेवून ऐकायच्या.

"काय लिहिलंय रे त्यात?" खोलीतला कुणी विचारायचा.

"तुला सांगून कळणार आहे का, मेल्या? भात बघ, करपतोय."

सगळे हसायचे. मीही हसायचो आणि आतून पेटायचो. त्याचं बोट जिभेला लावून पान उलटणं मला सहन व्हायचं नाही. त्याचा पेपर मी चोरून घ्यायचो आणि सार्वजनिक नळामागच्या कट्ट्यावर बसून वाचायचो. एकेक अक्षर जोडताना मला घाम यायचा. आवाज काढला तर तो ओल्या लाकडासारखा. मग पेपर परत जसाच्या तसा घडी घालून ठेवायचो, त्याला कळू नये म्हणून.

टीचर भेटल्या त्या एका लग्नामुळे. त्यांच्या भाचीचं लग्न होतं, सोड्याच्या बाटल्या गार करायला बर्फ हवा होता. उत्तनच्या वाटेवर ट्रक डोंगरीला थांबवून मी लादी त्यांच्या अंगणात नेऊन ठेवली. टीचर ओट्यावर खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर इंग्रजी पेपर. शाळेतून निवृत्त झालेल्या, अंगावर फुलाफुलांचा झगा, नाकावर जाड भिंगं. मी लादी ठेवली आणि तिथेच उभा राहून त्यांच्या पेपरचा मथळा उलटा वाचू लागलो.

"काय रे, वाचतां येतं तुला?"

"थोडं थोडं येतं, टीचर."

"थोडं म्हंजे किती? शेर, पावशेर, छटाक?"

आतून त्यांची थोरली बहीण ओरडली, "अगं, तो पोर्‍या बर्फ घेऊन आलाय, परीक्षा कसली घेतेस?" टीचरनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. म्हणाल्या, "स्वताला किती येतं ते ठाव न्हाय, त्याला पुढचं कसं येणार? रविवारी चर्चातल्या मिसानंतर ये."

गेलो. त्यांनी एका वाटीत चिंचोके दिले, शेजारी रिकामी वाटी. मुलांच्या वाचनाचं एक पान पुढे ठेवलं. न कळलेला शब्द आला की एक चिंचोका रिकाम्या वाटीत टाकायचा. तोंडातून आवाज काढायचा नाही. मला ते विचित्रच वाटलं. आवाज नाही म्हणजे वाचन कसलं? मी गुणगुणायला लागलो की त्या टेबलावर बोट आपटायच्या. पान संपलं. एकतीस चिंचोके.

"आता पुस्तक मीट. काय होतं त्यात ते मला मराठीत सांग."

मी चाचरत सांगितलं. एक म्हातारा, त्याची गाय आजारी, तो पाऊस असताना वैद्याकडे जातो. पुढचं कळलं नाही. टीचरनी मान हलवली. "गाय हाय, म्हातारा हाय. निम्मं घरात आलं की."

पुढच्या रविवारी त्यांनी तेच पान दिलं. सव्वीस. मग नवं पान, परत चौतीस. वर जायचं, खाली यायचं. मी खट्टू झालो की त्या म्हणायच्या, "ताप मोजतो तसा मोज. रागावून ताप उतरत न्हाय."

तीनेक महिन्यांनी मशीन-रूममधला माणूस सोडून गेला. मॅनेजर आम्हा लादीवाल्यांना अंगणात उभं करून म्हणाला, "अंग्रेजी पढ़ना किसको आता है? सच बोलना, मशीन का मामला है।"

आमच्या वाडीवाल्याने हात वर केला. "मेरे को आता है, साब. पूरा."

मॅनेजरने माझ्याकडे बघितलं, कारण माझाही हात अर्धा उठला होता. माझ्या डोक्यात वाटीतले चिंचोके वाजत होते. मी म्हणालो, "आधा आता है, साब. पान में पंधरा-बीस शब्द अटकते हैं।"

सगळे लोक फिसकन हसले. कुणीतरी म्हणालं, "याने मोजून ठेवलेत!" मॅनेजरने मशीनचं पुस्तक उघडून वाडीवाल्याच्या हातात दिलं. त्याने घसा खाकरला आणि सुरू केलं. काय वाचलं त्याने! कुठे अडखळला नाही, वाक्य संपताना आवाज असा खाली आणला की मॅनेजरची मान आपोआप डोलली. मला तर पुस्तक दिलंच नाही.

सोमवारपासून तो स्टुलावर बसला. मी लाद्या ओढत होतो. येता-जाता दारातून त्याच्या कोरड्या चपला दिसायच्या. मला त्या चपलांचाही राग यायचा. टीचरचाही आला. खरं बोलायला शिकवलं कुणी? नसत्या चिंचोक्यांनी माझी नोकरी खाल्ली, असं मी त्या रविवारी त्यांना बोलूनही दाखवलं. त्या एवढंच म्हणाल्या, "मग त्या मशीनचंच पान आण."

भिंतीवर तेल काढायच्या वेळची सूचना लावली होती. बर्फ गोठवणाऱ्या अमोनिया वायूच्या पाइपात तेल साठतं, ते महिन्यातून एकदा खालच्या वॉलमधून काढावं लागतं. ती सूचना मी जेवणाच्या सुट्टीत कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर उतरवून घेतली. टीचरना यंत्रातलं काही कळत नव्हतं. त्या डिक्शनरी बघायच्या, मी पाइप कुठून कुठे जातो ते सांगायचो. पहिल्यांदा एकोणतीस चिंचोके पडले. महिन्याभराने चार. आधी वरचा वॉल बंद करायचा. दाबाचा काटा खाली येईपर्यंत थांबायचं. मगच खालचा हळूच उघडायचा. हे मला कागद मिटून, डोळे मिटून सांगता येत होतं. आणि ते मी सुडाने शिकलो, हेही लिहून ठेवतो.

मग तेल काढायचा दिवस आला. हे काम नेहमी करणारे फिटर मिस्त्री गावाला गेले होते. मॅनेजरने वाडीवाल्याला सांगितलं, "दीवार पे लिखा है, पढ़ के कर लेना।" मी दाराशी लादी घेऊन उभा होतो. त्याने सूचनेसमोर उभं राहून ती पहिल्यापासून शेवटपर्यंत खणखणीत वाचली, अगदी पोथीच्या चालीवर. आणि सरळ खाली वाकला. वरचा वॉल उघडाच होता. काटा वर होता.

तेव्हा मला कळलं की याला यातलं काही कळलेलं नाही. एवढी वर्षं मी ज्याच्यावर जळत होतो त्याच्यात नुसता आवाज होता. आम्ही सगळ्यांनीच त्याचं इंग्रजी कानाने मोजलं होतं, मी, खोलीने, पाणी भरणाऱ्या बायकांनी, मॅनेजरनेसुद्धा.

मला ओरडता आलं असतं. मी ओरडलो नाही. दोन श्वास, फार तर तीन. मनात आलं, होऊ दे याची फजिती, मॅनेजरसमोर. मग त्याचा हात वॉलच्या चाकावर फिरताना दिसला आणि मी ओरडलो, "अरे थांब, वरचा!" तोवर फुस्स झालं. वास नव्हे, डोळ्यांत नाकात सुया. तो मागे कोलमडला. मी ओलं गोणपाट तोंडावर घेऊन आत गेलो, खालचा वॉल फिरवून बंद केला आणि त्याला ओढत हौदावर नेऊन तोंडावर पाणी मारत राहिलो. डॉक्टर म्हणाला, पाणी लगेच मारलं म्हणून डोळे राहिले.

तीन दिवस तो खोलीत डोळ्यांवर ओला पंचा ठेवून पडून होता. येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा, "हा होता म्हणून. सख्खा भाऊ करणार नाही एवढं केलं." मी त्याला पेज भरवायचो. तो माझा हात चाचपून धरायचा. आणि तेव्हासुद्धा, खरं सांगतो, मला त्याचा हेवा वाटला. त्याला मनापासून आभार मानता येत होते.

रविवारी टीचरना सगळं सांगितलं, ते तीन श्वासही. वाटलं, म्हणतील, जाऊ दे, शेवटी धावलास ना. त्यांनी भिंगं काढून झग्याला पुसली.

"म्हंजे तुला वाचतां आलं."

"हो."

"आनि तू गप राहिलास."

मी मान खाली घातली. त्यांनी भिंगं परत नाकावर चढवली. मग म्हणाल्या, "त्याला सांगितलंस?"

"नाही."

"मग आज पान न्हाय. जा. सांगून ये."

उत्तनकडून येणारी बस तासाने होती. मी चालतच निघालो. खोलीवर तो एकटाच होता. सांगितलं. त्याने डोळ्यांवरचा पंचा उचलला. मग म्हणाला, "मला ठाऊक होतं, मला काही कळत नाही ते. तुम्ही सगळे ऐकत होतात, मग थांबायचं कसं?" पंचा परत डोळ्यांवर ठेवत म्हणाला, "तीन श्वास काय? मी तुला स्टुलावर बघितलं असतं तर दहा घेतले असते." आणि शिवी घातली. ती शिवी ऐकून मला जरा बरं वाटलं.

मॅनेजरला तो स्वतःच बोलला, आपल्याला वाचून कळत नाही म्हणून. मॅनेजरने तावातावाने दोघांना उभं केलं आणि शेवटी दोघांनाही आत घेतलं: तो रजिस्टर लिहील, अक्षर त्याचं सुंदर; वाचून समजवायचं मी. दुसरं स्टूल आलं. वरून माणसं पाहणी करायला आली की मॅनेजर अजूनही त्यालाच वाचायला लावतो. तो वाचतो, ते खूश होतात. मी शेजारी बसून गप्प ऐकतो. जळतो थोडा. आताशा तो मध्येच थांबून मला विचारतो, याचा अर्थ काय रे.

टीचरचे डोळे दोन वर्षांत गेल्यातच जमा झाले. परदेशातल्या धाकट्या बहिणीची पत्रं येतात, हाताने लिहिलेली, इंग्रजीत, बारीक तिरकं अक्षर. घरातल्या मुलांना ती वाचायचा कंटाळा, वरवरचं वाचून बाकीचं सोडून देतात. परवा टीचरनी एक पत्र माझ्या हातात दिलं. पहिल्या ओळीत मला दोनच शब्द लागले. त्यांना तसंच सांगितलं, दोन. त्या हसल्या, म्हणाल्या, "राहू दे, बहीण काय, जेवन आनि पाऊस एवढंच लिहिते."

ते पत्र मी मागून घेतलंय. रोज एक ओळ उतरवून तिचा अर्थ लावतोय. टीचर, तुम्ही मला जे दिलंत त्याची फेड मला दुसरी कुठली सुचत नाही. वेळ लागेल. पण एका रविवारी मिसानंतर ओट्यावर बसून तुमच्या बहिणीचं पत्र मी तुम्हाला अख्खं वाचून दाखवीन, आणि तिचं जे काही दुखतंखुपतं त्यात असेल ते वगळणार नाही.