पानापानातली रुई

आमच्या वाचनालयाचे शिपाईकाका परत आलेलं पुस्तक आधी खिडकीच्या उजेडात धरत, अंगठ्यानं पानं भराभर सोडत, एका जागी थांबत आणि म्हणत, "एकसष्टवर बसले तुमी, सर." मग पानांवर जोरात फुंकर मारून पुस्तक कपाटात लावून टाकत.

हिंगणघाटात एखादा हिवाळा काढला असेल तर यातली गोम तुमच्या लक्षात आलीच असेल. वाचनालयाची मागची भिंत जिनाला, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याला लागून. कापसाचा हंगाम सुरू झाला की आमच्या सगळ्या वस्तीत रुई तरंगत असते. चष्म्यावर बसते, मिशीवर बसते, चहाच्या सायीवरही बसते. पुस्तक उघडलं की पानावर एकदोन तंतू पडणारच. जिथवर वाचलं तिथवर तंतू, पुढची पानं कोरी करकरीत. शिकलेल्या माणसांना पकडायचा याहून सोपा उपाय मी तरी पाहिला नाही.

त्यांनी पकडलेला पहिला माणूस मी नसेन, पण मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो, म्हणजे लाज जरा जास्तच. हिरव्या कव्हराची सहाशे पानांची ती कादंबरी वाचलीच पाहिजे असं सगळे म्हणायचे. नायक परगावी कामाला गेलेला. त्याला घरी परतायचं आहे आणि साठ पानं झाली तरी हा पिशवीच भरतोय. मी कंटाळून पुस्तक परत केलं. काकांनी विचारलं, "कसं होतं?" मी म्हणालो, "अप्रतिम! शेवट तर फारच सुंदर."

काकांनी अंगठा फिरवला, एकसष्टचा आकडा सांगितला आणि हळूच म्हणाले, "असू द्या. मी कोनाले सांगत नाई."

तेव्हापासून मला हा माणूस फार आवडू लागला.

त्यानंतर ती कादंबरी काकांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी नेली. काकू सातवी शिकलेल्या, बुद्धविहारात रविवारी ग्रंथ त्याच वाचून दाखवायच्या. कंटाळा हा शब्द त्यांना ठाऊक नसावा. संध्याकाळी भाकरी थापता थापता त्या काकांना दिवसभरात वाचलेलं सांगत. दुसऱ्या दिवशी काका ते मला सांगत.

"मी म्हनलं, निघाला का तो? तर म्हनते, निघाला, पन गाडी चुकली त्याची. मी म्हनलं, पोचन का घरी? तर म्हनते, उद्या सांगीन."

पौषात काकू चार दिवसांच्या तापानं गेल्या. महिन्याभरानं काका कामावर आले आणि त्यांनी ती कादंबरी माझ्यासमोर उघडली. दोनशे तेरा पानांपर्यंत रुई होती. मी त्यांच्याच सवयीनं फुंकायला वाकलो, तर त्यांनी हात आडवा धरला. "राहू द्या, सर. तिचं आहे ते."

मग त्यांनी पुढे वाचायला घेतलं. काका जेमतेम चौथी शिकलेले. दुपारी वाचनालय रिकामं झालं की बोट ठेवून, जोडाक्षरांशी झटापट करत, मोठ्यानं वाचत. समोर खिडकीखालचं बाक. एक दिवस मी दारातच थांबून ऐकलं. ते वाचता वाचता थांबले, कुणीतरी काही विचारल्यासारखी मान वर केली आणि म्हणाले, "नाई ना, अजून नाई पोचला."

बाकावर कोणी नव्हतं. मी आत जाऊन तिथं टेकलो. काकांनी पुस्तकातून डोकं न काढता म्हटलं, "सर, जरासे तिकडे सरका." मी सरकलो. का सरकलो, ते आजही सांगता येत नाही.

"आवडते का पुस्तक?" मी विचारलं.

"लय बोर आहे, सर. झोप येते."

"मग शेवटचं पान पाहून घ्या ना. पोचतो की नाही ते कळेल."

ते चांगलेच दुखावले. "तिनं एक पान सोडून सांगितलं नाई मले. मी काऊन सोडू?"

पावसाळ्याच्या तोंडावर त्यांना धाप लागू लागली. वर्ध्याला भरती व्हायला जाताना ते ऑटो थांबवून माझ्या दारात आले आणि पुस्तक हातात दिलं. खूण चारशे एकतीसवर होती. "वापस आलो तर ठीक. नाई आलो तर पुढचं तुमी वाचजा. मोठ्यानं वाचजा." मग ऑटोत बसता बसता म्हणाले, "अन् खोटं नका सांगजा बरं."

ते परत आले नाहीत.

श्रावणात मी रोज दुपारी ओसरीवर बसून मोठ्यानं वाचू लागलो. पहिल्या दिवशी चौदा पानं झाली. दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडलं, तर पुढच्या, मी न वाचलेल्या पानावर रुईचा एक तंतू होता. जिन बंद होऊन तीन महिने झालेले. मी बायकोला म्हटलं, उशी फाटली असेल. ती म्हणाली, आपल्या उशा फोमच्या आहेत.

मग ते रोजच होऊ लागलं. मी जिथं थांबे, त्याच्या फक्त पुढच्या पानावर एक तंतू. त्यापुढे कोरं. पुढे काय झालं ते कळायची घाई झालेल्या माणसानं हळूच एक पान उलटून पाहावं, तसं.

एकदा मात्र कंटाळा अनावर झाला. नायक एका धर्मशाळेत पडून छताकडे पाहत होता, ती दहा पानं मी सोडून दिली आणि पुढचं वाचलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर तंतू त्या सोडलेल्या दहांतल्या पहिल्या पानावर होता. पुढे कुठेही नाही. मी मागे गेलो आणि ते सगळं छत शब्दन् शब्द वाचलं.

शेवटचं पान पोळ्याच्या आदल्या दिवशी आलं. त्यावर एक नाही, दोन तंतू होते, एकमेकांत अडकलेले. मी ते मोठ्यानं वाचलं. मग समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून म्हणालो, "पोचला, काकू. काका, पोचला तो घरी."

पुस्तक परत करायला गेलो. काकांच्या जागी आलेल्या माणसानं ते उघडलं, पानांतली रुई पाहून तोंड वाकडं केलं आणि फुंकायला खाली वाकला.

मी हात आडवा धरला. "राहू द्या," मी म्हटलं, "त्यांचं आहे ते."