कॉम्प्युटरने दिलेला नॉर्मल

आमच्याकडे मासळी घेऊन येणारी कोळीण खाडीकाठच्या कोलशेतची. एका सकाळी तिने पाटी दारात टेकवली आणि तशीच जिन्यात बसली. जबडा दुखत होता, पाठ भरून आली होती, अंगाला दरदरून घाम. मी रिक्षा करून तिला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं.

त्यांनी नव्वद सालच्या आसपास नवं मशीन आणलं होतं. कार्डिओग्राम काढून खाली इंग्रजीत निदानही छापायचं. ठाण्यात तेव्हा त्याचं फार कौतुक. अंगाला वायरी लावताना ती माझ्या कानात पुटपुटली, "बाय, या पेटीला माझा दुखना कसा कलनार?"

डॉक्टरांनी कागद फाडला, खालची ओळ वाचली. "नॉर्मल आहे. पित्त झालंय, मावशी." गोळ्या लिहून ते पुढच्या पेशंटला हाक मारू लागले.

मला ते पटेना. आदल्या वर्षी माझ्या मिस्टरांच्या छातीत दुखलं तेव्हा याच मशीनने हाच शब्द छापला होता. पण तेव्हा डॉक्टरांनी त्यांना आत झोपवून ठेवलं होतं, पुन्हा कार्डिओग्राम काढला होता.

"डॉक्टर, आमच्या मिस्टरांच्या वेळी तुम्हीच म्हणालेलात, कॉम्प्युटरवर विसंबायचं नाही."

"त्यांची केस वेगळी होती."

"वेगळी म्हणजे कशी?"

त्यांनी पुन्हा पुढच्या पेशंटला हाक मारली. बाहेर बाकावर बसलेले लोक आमच्याकडे बघायला लागले होते. मी खुर्चीवरून उठले नाही. शेवटी नाइलाजाने त्यांनी तिला पुन्हा झोपवलं. थोड्या वेळाने काढलेला दुसरा कागद त्यांनी खिडकीजवळ नेऊन स्वतः पाहिला, बराच वेळ. मग फोन उचलला आणि सरकारी इस्पितळात खाट आहे का विचारलं. हार्ट अटॅक होता.

ती वाचली. पाटी मात्र सुटली. तिची सून यायला लागली, तीही मासळी चांगली आणायची.

आम्ही डॉक्टर बदलला नाही, जवळ दुसरं कोण होतं? पण त्यानंतर त्यांनी कुठलाही कागद दाखवून "काही नाही" म्हटलं, की मी विचारायची, "तुम्ही बघितलंत का, की त्या मशीननेच सांगितलं?" त्यांना राग यायचा. येऊ दे. त्या दिवशी ती एकटीच गेली असती तर पित्ताच्या गोळ्या घेऊन खाडीकडे परतली असती, आणि मशीन चुकलं हे कुणाला कळलंही नसतं.