पाळीवरची मूठभर माती

हे लिहावं की नाही, यात बरेच दिवस गेले. असे अनुभव सांगणारे लोक आपल्या श्रद्धेपासून सुरुवात करतात. माझ्याजवळ त्या वेळी सांगण्यासारखी श्रद्धा नव्हती. सोमवारी महादेवाला बेल वाहत होतो, पण देवळाबाहेर चपला घालेपर्यंत मन दुकानात पोचलेलं असायचं. गोंदियात माझं मोटारपंपांचं दुकान आहे. घरी पत्नी आणि माय. मायचं वय झालं, आणि गेल्या काही वर्षांत तिची आठवण हळूहळू आटत गेली. आधी नावं गेली, मग दिवस गेले, मग मी गेलो. कधी मी तिचा लेक असतो, कधी तिचा भाऊ, कधी कोणीच नाही.

रात्रीचं उठणं, ओल्या चादरी हे चालूच होतं. त्यापलीकडे तिची एकच खोड होती. बाल्कनीतल्या कुंड्यांमधली माती मूठ-मूठ उचलायची आणि दाराच्या उंबऱ्यावर नेऊन थापायची. विचारलं तर म्हणायची, "पाळ फुटन ना बापू. माती टाकाची हाय." तलावाच्या बांधाला आमच्याकडे पाळ म्हणतात. तिचं माहेर नवेगावबांधकडचं, तलाव बांधणाऱ्या शेतकऱ्यांचं. त्या घरात पाळीवरून जो कोणी जाईल त्यानं मूठभर माती टाकून पुढे जायचं, असा रिवाज होता. पाळीवर शेंदूर लावलेला एक दगड असतो, त्याला ती पाळीवरची बाई म्हणायची. लहानपणी हे सगळं मी कौतुकानं ऐकलं होतं. आता मात्र पाहुण्यांसमोर तो मातीचा उंबरा मला लाजिरवाणा वाटायचा. एक दिवस सगळ्या कुंड्या उचलून गच्चीवर नेल्या आणि गच्चीच्या दाराला कुलूप लावलं. त्यानंतर माय रिकाम्या बाल्कनीत उभी राहून आपल्या तळहाताकडे पाहत असायची. पत्नीला ते बघवेना. ती म्हणाली, "एकदा नेऊन आणा ना त्यांना त्यांच्या पाळीवर. गाडीत त्यांना मळमळतं, एसटीनं न्या." बोलणं टोचलं, म्हणून नेलं. भक्तीनं नेलं नाही.

हिवाळ्याचे दिवस होते. सकाळची अर्जुनी मोरगावची बस धरली. मी दोन तिकिटं मागितली तर कंडक्टर हसून म्हणाला, "अम्मा का टिकट नहीं लगता साहब, आशीर्वाद लगता है." मायनं खरोखरच त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि मागच्या सीटवरच्या बायका खळखळून हसल्या. कोहमाऱ्याला चहा घेतला. पुढे दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि मधूनमधून चकाकणारं तळ्यांचं पाणी सुरू झालं, तशी माय ताठ बसली. काचेला नाक लावून, एका तळ्याकडे पाहत ती मधेच म्हणाली, "भरली हाय." कित्येक महिन्यांनी ती काहीतरी बरोबर बोलली होती.

नवेगावबांधला उतरून आम्ही तलावाकडे गेलो. तिथली जागा मी पूर्वी गाडीच्या खिडकीतून पाहिली होती. पायी पाहणं वेगळं. पाण्याभोवती हात धरून उभ्या असल्यासारख्या टेकड्या, त्यांना इकडे सात बहिणी म्हणतात. मधे एवढं पाणी की पलीकडचा काठ धुक्यात विरघळतो, आणि त्यावर दूरदेशीची बदकं आपल्याच घरी असल्यासारखी बसलेली. अभयारण्याच्या फाटकाबाहेर फिरणाऱ्यांसाठी पायवाटा केल्या आहेत, लाकडी बाणांच्या पाट्या आहेत, थोड्या थोड्या अंतरावर बाक आहेत. सागाची मोठी पानं पायाखाली पापडासारखी मोडतात. ऐनाच्या सालीवर मगरीच्या पाठीसारखी नक्षी. बांबूच्या बेटातून वारा गेला की कोणी जुना पाळणा हलवल्यासारखी कुरकुर येते. एवढं वैभव, आणि तिथे पोचायला एसटीचं एक तिकीट पुरतं. ज्यांनी हा तलाव बांधला त्यांच्याजवळ ना यंत्र ना सिमेंट. डोक्यावरच्या टोपल्यातली माती आणि खाली उतरणाऱ्या पाण्याचा अंदाज, बस. मी पाणी उपसायच्या मशिनी विकतो. त्या माणसांनी पाणी थांबवलं होतं. मान आपोआप खाली गेली.

पाळीवर गेल्यावर मी मायला म्हटलं, "टाक माती." तिनं इकडे तिकडे पाहिलं आणि मान हलवली. "हे नाई." मी दोनदा समजावलं, हीच तुझी पाळ. "हे नाई म्हनतो ना!" आमच्याकडे बायकाही 'म्हनतो', 'जातो' असंच बोलतात, तसं ती ठासून म्हणाली. मला राग आला. एवढ्या लांब आणलं, आणि हे नाही! तिला ओढतच पायवाटेनं पुढे नेलं, नळाजवळच्या एका बाकावर बसवलं. तेवढ्यात गिऱ्हाईकाचा फोन आला. रेंज येईना, म्हणून मी तिचा हात सोडून टेकाडावर चढलो. पंपाचा भाव सांगितला, घासाघीस केली, खाली आलो. बाक रिकामा होता.

हाका मारल्या. धावलो. फाटकावरचा वनरक्षक मदतीला आला. त्याला सांगितलं, तिला पाळीवर जायचं होतं. तो पाळीकडे गेला, मी पायवाटेवर पुढे, मागे, पाण्याच्या कडेनं गेलो. ऊन कलायला लागलं होतं. अंधार पडल्यावर त्या जंगलात काय फिरतं हे सांगायला नको. शेवटी त्याच बाकापाशी येऊन उभा राहिलो, आणि तिथे जे झालं ते आजवर कोणाला सांगितलं नाही. आता स्पष्टच लिहितो. मला हलकं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. रात्रीचं उठणं संपलं, ओल्या चादरी संपल्या, "तू कोन गा?" हे ऐकणं संपलं, असं मनात आलं. मग तेच मन समोर उभं राहिलेलं दिसलं आणि मला स्वतःची भीती वाटली.

देवाला हाक मारावी म्हणून हात जोडले. "देवा" एवढंच आलं. पुढे काय मागू? माय सापडू दे, हे कोणत्या तोंडानं म्हणू? ज्यानं आतलं ऐकलं आहे त्याच्याशी खोटं बोलता येईना. अखेर एवढंच म्हटलं, "माझ्यानं होत नाही. आता तूच पाहा." आणि बाकावर बसलो. बसताना टेकवलेल्या हाताला काहीतरी ओलं, गार लागलं. बाकाच्या कडेवर मातीचा गोळा थापलेला होता. नळाखालची ओली माती. त्यावर चार बोटं उमटलेली.

मघापासून मी घाईत, उभ्या-उभ्याच पाहत होतो, म्हणून तो दिसला नव्हता. चार पावलांवर मोहाच्या मुळावर दुसरा गोळा. पुढे, पाटी नसलेल्या एका आडवाटेच्या तोंडाशी दगडावर तिसरा. मी त्या वाटेला लागलो. झाडीतून थोडं खाली उतरल्यावर पाणी चमकलं. ती बोडी होती, आमच्याकडे लहान तळ्याला बोडी म्हणतात. तेव्हा एकदम डोक्यात उजेड पडला. माय आयुष्यभर सांगत होती ती पाळ मोठ्या तलावाची नव्हतीच. ही होती. तिच्या गोष्टींतली, तिच्या बापानं आणि काकांनी बांधलेली, जंगलाच्या कडेची. पाळ म्हटलं की मोठा तलाव, एवढंच मला कळत होतं.

पाळीवर माय होती. लुगडं खोचून, हात कोपरापर्यंत मातीनं भरलेले. शेजारी एक अनोळखी बाई, तिच्याही हातात माती. मला पाहून ती बाईच ओरडली, "तुमची माय होय का गा? या, आता तुम्ही उचला! मी लेकीकडे जाऊन राहिलो होतो, हिनं मले धरून ठेवलं. उंदराची बिळं बुजव म्हनते! कमरेचा काटा ढिला झाला माह्या."

मला रडू फुटलं. ती म्हणाली, "रडता कायले? मी हात सोडला नाई तिचा. सोडतो म्हटलं तरी ते सोडते कठी!"

माय माझ्याकडे पाहून हळूच म्हणाली, "पाळीवरची बाई आली ना मदतीले."

"मी कशाची देवी वो आजी," ती बाई हसायला लागली, "माह्या घुडघ्यात वात हाय!" तिनं हात धुतले, पिशवी उचलली आणि "जातो गा" म्हणत पाळीवरून पलीकडच्या गावाकडे निघून गेली. नाव विचारायचं मला सुचलं नाही. ती कोण, याचा वाद मी घालत नाही. तिनं हात सोडला नाही. मी सोडला होता.

मी मायजवळ खाली बसलो. तिला काही कळणार नाही, कळलं तरी राहणार नाही, या भरवशावर बोललो. "माय, तू हरवली तं मले बरं वाटलं."

ती बिळात माती दाबत होती. हात थांबला नाही. "थकला असशीन बापू," ती म्हणाली, आणि ओल्या मातीची एक मूठ माझ्या हातात दिली. "घे. टाक."

मी टाकली. बीळ बुजलं. वनरक्षक शोधत तिथवर आला तेव्हा आम्ही दोघं शेजारी बसून माती दाबत होतो. संध्याकाळच्या बसमध्ये माय माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. तिच्या हातांची माती माझ्या शर्टावर वाळत गेली, ती झटकावीशी वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी कुंड्या खाली आणल्या. एक कुंडी उंबऱ्याजवळच ठेवली आहे. पाहुणे विचारतात, मी सांगतो. रात्रीचं उठणं आहे, चादरी आहेत, थकवाही आहे. कधी कधी ते हलकं वाटणंही दाराशी येऊन उभं राहतं. आता मी ते देवापासून लपवत नाही. पाळ एकदाच बांधून होत नाही, जो जाईल त्यानं मूठभर टाकायची असते, आणि बाकीची कोणीतरी टाकतं, हे मला त्या बोडीवर मिळालं. काल सकाळी दुकानाला निघताना मायनं मला दारात अडवलं. "तू कोन गा?" मी म्हटलं, "इथूनच जाऊन राहिलो, आजी." तिनं कुंडीतली माती माझ्या हातावर ठेवली. "मंग टाकून जाय."