मार्चमधलं शवासन

आमच्या ह्यांना कुणी विचारलं, काय काम करता, तर हे नुसतं बोट वर करतात. वर म्हणजे कारखान्याच्या छताखालून धावणारी ती मोठी क्रेन. जनरेटरचा अवजड रोटर उचलायचा आणि अलगद जागेवर टेकवायचा, हे ह्यांचं काम. मी नागपूरहून लग्न होऊन कारखान्याच्या वसाहतीत, पिपलानीच्या क्वार्टरमध्ये आले, तेव्हा विश्वनाथ नावाच्या माणसापेक्षा क्रेनचंच कौतुक जास्त कानावर पडलं होतं.

एका उन्हाळ्यात कारखान्याच्या तपासणीत ह्यांचं बीपी वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी गोळी दिली आणि स्पष्ट सांगितलं, "पावसाळ्यानंतर पुन्हा बघू. तोवर उतरलं नाही तर क्रेन बंद, खाली स्टोअरमध्ये बसायचं." त्या दिवशी हे जेवले नाहीत. स्टोअर म्हणजे ह्यांच्या लेखी जिवंत माणसाला अडगळीत टाकणं.

मी आधीपासून सरोजताईंच्या योगवर्गाला जायची. सेक्टरच्या हॉलमध्ये, सकाळी, आपापली सतरंजी घेऊन. माझे गुडघे, शेजारच्या शारदाची झोप, कारखान्यात पाळीवर जाणाऱ्यांची कंबर, ज्याचं त्याचं दुखणं तिथे यायचं. सगळेच बरे झाले असं मी म्हणणार नाही, पण मी जिना न थांबता चढायला लागले होते. ह्यांना म्हटलं, चला. आले चार दिवस. मग कधी पेपर, कधी रात्रपाळी, कधी नुसताच कंटाळा.

आणि मग ह्या कारखान्याच्या लोकांची हाडात मुरलेली सवय आडवी आली. वर्षाचं टार्गेट म्हटलं की शेवटी मार्चमध्ये जुंपून घ्यायचं आणि पुरं करून टाकायचं. तपासणीला आठवडा उरला आणि ह्यांचा मार्च सुरू झाला. सकाळी योग, संध्याकाळी योग, जेवणाच्या सुट्टीत प्राणायाम. मी भाजी घेऊन घरात शिरते तर काय, गृहस्थ कपाटाला पाय टेकून शीर्षासनात, तोंड टोमॅटोसारखं लाल. माझं डोकंच फिरलं. खाली उतरवलं आणि तशीच हाताला धरून ताईंकडे नेलं.

ताई शाळेत शिकवायच्या, आवाजही तसाच. "बीपीवाल्याला शीर्षासन कुणी सांगितलं? अहो भाऊ, शरीराला मार्च नसतो. त्याला रोजचं रोज द्यावं लागतं."

पण आता उशीर झाला होता. बीपी होतं तिथेच राहिलं आणि हे स्टोअरमध्ये जाऊन बसले. मला रागही आला आणि वाईटही फार वाटलं.

दुसऱ्या दिवशी माणूस मुकाट्याने सतरंजी घेऊन माझ्यामागे निघाला. अवघड काही नाही. थोडं ताणणं, थोडं वाकणं, सावकाश श्वास आणि शेवटी शवासन. घरात मी लोणचं-पापड बंद केले, गोळी चुकू दिली नाही. वरण गार आहे म्हणून ताट सरकवणारे हे, आता उठून स्वतःच गरम करून घ्यायला लागले. थंडीत डॉक्टरांनी पुन्हा तपासलं आणि म्हणाले, "गोळी चालू, योगही चालू. जा वर."

मग खरा मार्च आला. एका सकाळी हॉलच्या दारात जीप थांबली. ह्यांच्याच वर्कशॉपमधला रमेश धावत आत आला. "विश्वनाथ भैया, रोटर आजच गाडीवर चढवायचाय. साहेब आत्ताच्या आत्ता बोलावतायत."

पूर्वीचे हे चप्पल विसरून पळाले असते. मी एक डोळा किलकिला करून बघत होते. हे पाठीवर पडलेले, डोळे मिटलेले.

"शवासन राहिलंय," हे म्हणाले. "झालं की येतो."

आणि झाल्यावरच उठले.

संध्याकाळी घरी आले. मी विचारलं, "रोटर?"

"टेकवला." मग उजवा हात माझ्यासमोर धरून म्हणाले, "गेल्या वर्षी क्रेनच्या लिव्हरवर हा थरथरायचा. खाली माणसं उभी असायची. कुणाला सांगितलं नव्हतं, तुलाही नाही."

मी तो हात हातात घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला. अगदी स्थिर होता.