मालाशेजारी मालक

सकाळी दात घासून झाले, की वाळूआबा गॅलरीत येऊन एक भाव काढायचे. समोर जे दिसेल त्याचा. कधी दूधवाल्याची किटली, कधी जिन्याखालची गंजलेली सायकल, आणि बहुतेक वेळा समोरच्या काकूंची उन्हात टाकलेली गादी. “गादी पाहा, गादी! कापूस जुना, खोळ नवी! बोला दोनशे, सव्वादोनशे, अडीचशे गेले, अडीचशे!” आवाज पोटातून निघायचा आणि सिडकोतल्या त्या गल्लीच्या टोकाच्या पिठाच्या गिरणीपर्यंत जायचा. मग आबा स्वतःच मालक व्हायचे, मान हलवून “नाही परवडत” म्हणायचे, आणि चहाला आत वळायचे.

“गळा गंजू द्यायचा नाही,” असं ते सुनेला, सायलीला, सांगत. पहिले काही महिने शेजाऱ्यांची कुरकुर झाली. पुढं सवय झाली. गादीवाल्या काकू तर एकदा खालूनच ओरडल्या, “आबा, तीनशेला देते, घेऊन जा एकदाची!”

वाळू देवरे मूळचे बागलाणातले. सटाण्याच्या मार्केटात कांद्याचे लिलाव पुकारण्यात त्यांचं उभं आयुष्य गेलं होतं. ट्रॅक्टरांची रांग लागलेली, पुढं आबा, मागं व्यापाऱ्यांचा घोळका. ट्रॉलीच्या ढिगात हात खुपसून मूठभर कांदे वर काढायचे, ओंजळीत फिरवून दाखवायचे आणि पुकारा सुरू. बोली थांबली, की आबा व्यापाऱ्यांकडं पाठ करून ट्रॉलीच्या चाकाशी उभ्या असलेल्या शेतकऱ्याकडं वळत आणि विचारत, “देऊ का?” तो हो म्हणाला, तर सौदा. नाही म्हणाला, तर नाही. मग बोली लावणारा व्यापारी केवढाही मोठा असो. गुडघे बोलायला लागले तेव्हा पोरानं, अमोलनं, त्यांना आणि आईला, सगुणाबाईंना, नाशिकला आणलं. इथं सगळं होतं. फक्त पुकारायला काही नव्हतं.

मोहिनीताई दंडगव्हाळांनी त्यांना गल्लीतूनच ऐकलं. आबांच्या खालच्या मजल्यावर एक जुनं शिसवी कपाट विकायचं होतं, ते बघायला त्या आल्या होत्या. त्यांच्या वडिलांचं सराफ बाजारात चांदीचं दुकान. लोक जुनी भांडी मोडीत आणून टाकत आणि ती भट्टीत जात. सुबक घडणीची अत्तरदाणी, नक्षीचा तांब्या वितळताना पाहून मोहिनीताई दुकानातून उठून जायच्या. वडिलांच्या माघारी त्यांनी भट्टी बंद केली आणि कॉलेज रोडला एक हॉल घेऊन जुन्या वस्तूंचे लिलाव सुरू केले. चांदी, घड्याळं, पलंग, पेटारे, दिवे. माल चांगला यायचा, पण पुकारणारा मुलगा माईकमध्ये असा पुटपुटायचा की गिऱ्हाईक पेंगायचं.

“वर कोण ओरडतंय?” त्यांनी विचारलं.

“आबा. गादी विकतायत,” कपाटवाले म्हणाले. “रोज विकतात. जात नाही कुणाला.”

मोहिनीताई जिना चढून वर गेल्या.

पहिल्या लिलावाला आबा धोतर, कडक इस्त्रीचा सदरा आणि टोपी घालून गेले. हॉलमध्ये एक उंच टेबल होतं, त्यावर लाकडी हातोडी, आणि समोर खुर्च्यांवर हातात नंबराच्या पाट्या घेऊन गिऱ्हाईक. आबा टेबलामागं क्षणभर उभे राहिले. मग हातोडी तिथंच ठेवून खाली उतरले आणि सरळ भिंतीकडच्या पलंगापाशी गेले. पलंगाच्या खुरावर हात ठेवला. “इकडं या सगळे! तिथून काय दिसतंय?”

लोक एकमेकांकडं बघत उठले. थोड्या वेळात सगळा हॉल आबांच्या मागं मागं फिरत होता, पलंगाकडून दिव्याकडं, दिव्याकडून चांदीच्या गुलाबदाणीकडं. मुंबईचे जाडजूड व्यापारी कोपरानं एकमेकांना सारत होते. बोली चढत होत्या. मोहिनीताई दाराशी उभं राहून नखं कुरतडायचं विसरल्या होत्या.

गुलाबदाणीची बोली थांबली. आबा वळले. “मालक कोण?”

गिऱ्हाईक मागं वळून बघायला लागलं.

“मालक कोण हाय? देऊ का?”

मोहिनीताई लगबगीनं जवळ आल्या. “आबा, इथं मालक नसतात. हातोडी मारायची आणि पुढं जायचं.”

“मग विचारू कुणाला?”

मागून कुणीतरी हसलं. आबा तसेच उभे, गुलाबदाणीवर हात ठेवून, जणू तिचा मालक लघवीला गेलाय आणि येईलच. शेवटी मोहिनीताईंनीच होकाराची मान हलवली. आबांनी ती मान पाहिली, सौदा झाल्याचं सांगितलं आणि पुढं गेले. त्या दिवशी उरलेला सगळा माल असाच मोहिनीताईंच्या मानेवर विकला गेला.

संध्याकाळी चहा पिताना आबांनी विचारलं, “ताई, तो माल तुमचा व्हता का?”

“नाही हो.”

“मग तुम्ही मान कशी हलवली?”

मोहिनीताईंना हसू आलं. पण आबा हसत नव्हते. ताईंनी समजावून सांगितलं, की माल देणाऱ्यांना नाव उघडं झालेलं नको असतं, घरची चांदी विकली हे चार लोकांत कळायला नको असतं. शिवाय मालक समोर असला की डोळ्यांत पाणी आणतो, मन बदलतो. कमीत कमी किती यायला हवेत हे आधीच लिहून घेतलेलं असतं. सगळं रीतसर.

“लिहून घेता ते बरंच हाय,” आबा म्हणाले. “पण बोली झाल्यावर माणूस काय म्हणतो, ते आधी लिहिता येत नाय.”

घरी सगुणाबाईंनी ऐकून घेतलं आणि भाकरी थापता थापता अहिराणीत म्हणाल्या, “तुमले काय करनं शे? पुकारा करा, पैसा ल्या, घर या.”

“पुकारनं हाई मन्हं काम शे,” आबा म्हणाले. “इकनं मन्हं काम नही.” पुकारणं आपलं, विकणं मालकाचं. यात त्यांना तरी काही अवघड दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मोहिनीताईंना सांगून टाकलं: ज्या मालाशेजारी मालक उभा असेल, तोच माल मी पुकारणार. बाकीचा त्या माईकवाल्या पोराला द्या. मोहिनीताई चिडल्या, हात जोडले, पुन्हा चिडल्या. मग म्हणाल्या, “बरं. एखादा मालक तरी तयार होतोय का, तेच बघा.”

आबा माल आणायच्या टेम्पोत पुढं बसून घरोघर फिरले. गंगापूर रोडच्या एका डॉक्टरांनी चांदीच्या ताट-वाट्यांचा पूर्ण संच द्यायचं कबूल केलं होतं. आबांचं म्हणणं ऐकून ते म्हणाले, “आमचं नाव बाहेर येता कामा नये, एवढंच बघा.” त्यांची बायको सविताबाई मागं दारात उभी होती. सगळं ऐकत होती. आणखी दोन घरांनी दारातूनच नाही सांगितलं. मनमाडच्या रेल्वे कॉलनीत मात्र मालनबाई लगेच म्हणाल्या, “येईन की. घड्याळ येकटं कसं पाठवू?”

घड्याळ भिंतीवरचं, सागवानी पेटीचं, लंबकाचं. मालनबाईंचे यजमान, चंदर, रेल्वेत होते. स्टेशनातला जुना माल निघाला तेव्हा त्यांनी ते घेतलेलं. ते वारले. आता मालनबाई कल्याणला लेकीकडं राहायला जाणार होत्या. लेकीचं घर लहान, बाळ लहान, आणि जावयाची रात्रपाळी. टोल्यांनी सगळ्यांचीच झोप मोडायची. “इकायचंच हे मला,” त्या म्हणाल्या. “रडायची नाय मी, घाबरू नका.”

शनिवारी त्या पदर खोचून घड्याळाशेजारी उभ्या राहिल्या. हातात कापडी पिशवी. हॉलमध्ये कुजबुज झाली. आबांनी पेटीवर हात ठेवला. “घड्याळ पाहा! पेटी सागाची, काच शाबूत. घड्याळ बंद हाय...”

“बंद कोण म्हनलं?” मालनबाई म्हणाल्या.

“यादीत लिहिलंय, माय.”

“मला इचारलं कुनी?” त्यांनी पिशवीत हात घालून किल्ली काढली. “चावी माझ्याकडं हे.”

“अहो, मग दिली का नाही?” मोहिनीताई मागून म्हणाल्या.

“सौदा झाल्याबिगर चावी द्यायची व्हय?”

हॉल हसला. आबाही हसले. मार्केटातला शेतकरीसुद्धा भाव पटेपर्यंत ट्रॅक्टरची चावी खिशातून काढत नसे. मालनबाईंनी काच उघडली, चावी दिली, लंबकाला बोटानं हलकं ढकललं. टिकटिक सुरू झाली, आणि एवढ्या माणसांत ती ऐकू यावी म्हणून लोक आपोआप गप्प झाले.

मग बोली सुटली. एकीकडं मुंबईचा व्यापारी, दुसरीकडं त्र्यंबक रोडला नवं हॉटेल काढणारा अमित नावाचा तरुण. मुंबईवाल्यानं शेवटी पाटी खाली ठेवली. त्या दिवसातली सगळ्यात मोठी बोली होती ती. आबा वळले.

“देऊ का, माय?”

मालनबाईंनी अमितकडं पाहिलं. “कुठं लावनार, दादा?”

“हॉटेलात, काउंटरच्या मागं. लोक फोटो काढतील.”

“चावी कोन देनार?”

“चावी कशाला, मावशी? दहा वाजून दहा मिनिटांवर थांबवून ठेवू, छान दिसतं. आवाज नको, गाणी लावलेली असतात ना.”

मालनबाईंनी चावी परत पिशवीत टाकली. “मंग नको,” त्या म्हणाल्या.

मोहिनीताईंनी लांबून आबांकडं पाहिलं. त्या नजरेत काय होतं, ते आबांना नीट कळलं. हा सौदा मोडला, की इथला आपला पुकारा आजच संपला. पुन्हा सकाळची ती गॅलरी. मार्केटात होतं तसं त्यांनी आणखी एकदा विचारलं, कारण घाईत निघालेलं नाही परत घ्यायलाही माणसाला जागा हवी. “माय, भाव चांगला हाय. देऊ का?”

“नाय द्यायचं.”

आबांनी पेटीवरचा हात उचलला. “मालक नाय म्हणतो. सौदा नाय. पुढं चला!”

“हे काय? भाजी मंडई आहे का ही?” अमित ओरडला.

“मंडईत बी असंच असतं, भाऊ,” आबा म्हणाले. “म्हणून तर मंडई रोज भरती.” आणि ते पुढच्या दिव्याकडं चालू लागले. दिव्याशेजारी मालक नव्हता. तिथं न थांबता ते दारापर्यंत गेले, टोपी नीट केली आणि उरलेला लिलाव माईकवाल्या पोराच्या हाती देऊन बाहेर आले.

हॉल रिकामा झाल्यावर मोहिनीताई त्यांच्याजवळ येऊन पायरीवर बसल्या. ओरडल्या नाहीत. “आजची सगळ्यात मोठी बोली घालवलीत, आबा.”

“मी नाय. मालकानं.”

“मला दुसरा माणूस बघावा लागेल.”

“बघा,” आबा म्हणाले. “पण त्याला बी विचारायला सांगा.”

मालनबाई घड्याळ घेऊन जीपनं परत गेल्या. पुढं त्याचं काय झालं, हे आबांनी कधी विचारलं नाही. माल परत गेला, की तो पुन्हा मालकाचा; त्याची चौकशी पुकारणाऱ्यानं करायची नसते.

मधले दिवस आबांना जड गेले. अमोल म्हणाला, “बाबा, जरा नमतं घ्या ना.” आबांनी पेपर उघडून तोंडापुढं धरला. मग एका दुपारी मोहिनीताईंचा फोन आला. आवाज जरा वेगळाच होता. गंगापूर रोडच्या सविताबाई, एकट्या, नवऱ्याला न सांगता, हॉलवर आल्या होत्या. त्यांनी एवढंच विचारलं होतं, की त्या घड्याळवाल्या बाई खरंच नाही म्हणाल्या का, आणि खरंच कुणी त्यांना काही बोललं नाही का. “मग मीही उभी राहीन,” असं सांगून त्या गेल्या होत्या. त्यांच्यामागून आणखी फोन आले. इतकी वर्षं वस्तू माळ्यावर ठेवून बसलेले लोक. वस्तू हातची गेली तर परत येणार नाही, याची त्यांना भीती होती. नाही म्हणता येतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

“शनिवारी या,” मोहिनीताई म्हणाल्या. “आणि शेखी मिरवू नका.”

शनिवारी सविताबाई फिक्या निळ्या साडीत ताटांशेजारी उभ्या राहिल्या. बोली चढत असताना त्यांनी मध्येच हात पुढं करून एक लहान वाटी उचलली. “ही नाही. मुलाच्या उष्टावणाची आहे.”

“संच मोडतो मग, बाई!” व्यापारी कळवळला.

“मोडू द्या,” आबा म्हणाले. “बोली पुन्हा धरा. वाटीबिगर.”

पुन्हा पहिल्यापासून बोली झाली. भाव थोडा उतरला. आबांनी विचारलं, “देऊ का?” आणि सविताबाई इतक्या मोठ्यानं “हो, द्या!” म्हणाल्या, की स्वतःच दचकल्या.

त्यानंतर कॉलेज रोडच्या त्या हॉलमध्ये हा रिवाजच झाला. सगळेच मालक येत नसत. जे येत, त्यांचा माल आबा पुकारत, बाकीचा माईकवाला. काही गिऱ्हाईक तुटलं, अमित पुन्हा फिरकला नाही. मोहिनीताई महिन्यातून एकदा तरी आबांशी भांडत, आणि त्यांच्या चहात साखर कमी घालायला सायलीला बजावत.

आबा गेले ते हिवाळ्यात, झोपेतच, लिलावाच्या दिवशी पहाटे. आदल्या संध्याकाळी त्यांनी नेहमीसारखा मोहिनीताईंना फोन करून उद्या काय काय येणार ते विचारून घेतलं. हातात घालायचे चांदीचे गोठ येणार होते, घोटीकडच्या गोजराबाईंचे. माल ठरवायला घरी गेले तेव्हा आबांनी त्यांना चालताना पाहिलं होतं.

“गोजराबाईंना खुर्ची ठेवा बरं का, ताई,” ते म्हणाले. “गुडघे धरतात त्यांचे. बसून सांगितलं तरी चालतंय.”