नारिंगी तिकिटांचा आळ

खून पाहिले, दरोडे पाहिले, आणि खरं सांगायचं तर त्यांतले बरेच विसरलोही. पण मुलुंडच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी दिलेली ती तक्रार मात्र अजून डोक्यातून जात नाही. ऐंशीच्या दशकाचा मधला काळ. मी पूर्व उपनगरातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. नळावरची भांडणं, सायकलचोऱ्या, भाडेकरू आणि मालक यांची डोकेफोड, हे आमचं रोजचं काम. दसरा नुकताच होऊन गेला होता. सकाळची हजेरी आटोपून मी चहाचा कप उचलतो तोच हे गृहस्थ समोर येऊन उभे राहिले. धुतलेला पांढरा सदरा, बगलेत कापडी पिशवी. मी म्हटलं, "बसा, पिशवी ठेवा टेबलावर."

"आधी टेबल पुसा," ते म्हणाले. "चहा सांडलाय."

फौजदाराला टेबल पुसायला लावणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. मी तापट स्वभावाचा, पण त्यांच्या आवाजात काय होतं कोण जाणे, मी मुकाट्याने टेबल पुसलं. त्यांनी पिशवीतून एक जाडजूड अल्बम काढला. इमारतीत सगळे त्यांना काका म्हणत, म्हणून मीही इथे तेच म्हणतो. बोटीच्या कंपनीतून निवृत्त, पत्नी वारलेली, मुलगा नोकरीसाठी आखातात. घरात ते, सून आणि सुनेचं तान्हं बाळ. आयुष्यभर एकच नाद, इंग्रजांच्या काळातली पोस्टाची तिकिटं.

"माझी तिकिटं कोणीतरी बदलली," ते म्हणाले. "चांगली काढून घेतली आणि त्याच जागी हलकी लावून ठेवली."

त्यांनी पान उघडलं. राणी व्हिक्टोरियाचा चेहरा असलेली दोन आण्याची तिकिटं ओळीने लावलेली. मला सगळी सारखीच दिसली, मळकट तपकिरी. काकांनी समजावून सांगितलं. साचा तोच, राणी तीच, उजेडासमोर धरलं की कागदात दिसणारं हत्तीचं डोकंही तेच. पण छापताना दर खेपेला शाई वेगळी कालवली जायची, त्यामुळे कुठलं तिकीट पिवळट, कुठलं भरगच्च नारिंगी, कुठलं तपकिरीकडे झुकलेलं. "सून चिवडा करते तेव्हा दर वेळी हळद थोडी इकडेतिकडे होते ना, तसं," ते म्हणाले. सगळ्यांत फिक्यापासून सगळ्यांत गडदपर्यंत अशी नारिंगी छटांची ओळ त्यांनी जन्मभर जमवली होती. पावसाळाभर ते बेळगावला लेकीकडे होते. परत येऊन अल्बम उघडला तर सगळी ओळ तपकिरी.

"संशय कोणावर?"

"सुनेच्या भावावर. दुसऱ्या कोणाला यातलं कळतच नाही."

हा भाऊ विक्रोळीच्या चाळीत राहणारा. वडील गिरणीत होते, हा एका कारखान्यात रंगखात्यात. दिवसभर नमुन्याशी रंग जुळवून बघायचं काम, त्यामुळे नजर तयार. बहिणीच्या लग्नानंतर तो काकांकडे यायला लागला आणि तिकिटांच्या नादी लागला. दर रविवारी दोघं खिडकीशी भिंग घेऊन बसत. काका म्हणाले, "मी त्याला शिकवलं, साहेब. माझ्या हाताने शिकवलं." मग म्हणाले, "गुन्हा नोंदवा. आणि चोराच्या बहिणीला मी घरात ठेवणार नाही. बाळाला घेऊन जाऊ दे माहेरी."

म्हणजे प्रश्न तिकिटांचा राहिलाच नव्हता. नवरा परदेशात, कडेवर तान्हं मूल आणि माथ्यावर चोराची बहीण हा शिक्का. मी एक सही केली की त्या मुलीचं घर मोडणार होतं. मी गुन्हा नोंदवला नाही. तक्रार अर्ज ठेवून घेतला, रीतसर पावती देऊन अल्बमही ठेवून घेतला, स्टेशन डायरीत नोंद केली आणि चौकशी करतो म्हणालो. काका नाराज झाले.

आमचे हवालदार मालवणकडचे. काका गेल्यावर म्हणाले, "सायबानू, वापरलेली तिकिटां कोण चोरतलो? ह्यांची पत्रां कधीच पोचली."

पण कामाला पक्के. दुपारपर्यंत खबर काढून आले. शेजारच्या बाईंनी सांगितलं होतं की काका गावाला असताना हा पोरगा दोनतीनदा आला, आणि एकदा तर काकांचं कपाट भिंतीपासून ओढलेलं आणि उघडं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. हवालदारांच्या लेखी प्रकरण मिटलं. "प्रसाद दिलो की बोलतलो," ते म्हणाले. मी त्यांना गप्प केलं.

पोराला कारखान्यातून उचलून आणायचं नाही, असं मी बजावलं होतं. गेटवर पोलीस दिसला की नोकरीवर गदा येते, मग माणूस निर्दोष असो नाहीतर नसो. साध्या कपड्यातला शिपाई सुट्टीनंतर त्याला घेऊन आला. पंचविशीचा, नखांत रंग अडकलेला. घाबरला होता, पण उत्तरं सरळ देत होता.

"काकांची नारिंगी तिकिटं बदललीस?"

"नाही साहेब."

"काका नसताना घरी गेला होतास?"

"हो. त्या भिंतीला ओल आली होती. ताईला एकटीला कपाट सरकवता येईना."

"कपाट उघडलं कोणी?"

इथे त्याने तोंडात मिठाची गुळणी धरली. मी दरडावलं, समजावलं, पुन्हा दरडावलं. खाली मान घालून बसला. बराच वेळ गेल्यावर त्यानेच विचारलं, "साहेब, निळी आणि हिरवी बरी आहेत ना?"

माझा अनुभव सांगतो. चोराला 'कपाट कोणी उघडलं' असं विचारलं की तो पटकन दुसऱ्याचं नाव घेतो. जो नेमका तिथेच गप्प बसतो तो बहुधा कोणाला तरी पाठीशी घालत असतो. शिवाय चोराला मालाच्या तब्येतीची काळजी नसते. मी अल्बम पुन्हा पाहिला. पुढच्याच पानावर एक हिरवं तिकीट होतं, ते सगळ्यांत महाग असं काका स्वतःच म्हणाले होते. ते जागच्या जागी होतं. जाणकार चोर महागाला सोडून नारिंगीच कशाला नेईल?

दुसऱ्या दिवशी मी काकांना बोलावलं आणि अल्बम मिटलेला ठेवला. चोरीची भांडी सापडली की आम्ही बायकांना ओळख पटवायला बोलावतो. एकही बाई 'माझा तांब्या पिवळा होता' म्हणत नाही. तांब्या कुठे चेपला, कुठे डाग दिलाय, हे ती सांगते. रंगावर ओळख पटत नाही, खुणेवर पटते.

"काका, ओळीतल्या पहिल्या तिकिटाची खूण सांगा. रंग सोडून."

त्यांनी डोळे मिटले. "डाव्या दातेरी कडेचा वरून तिसरा दात तुटलाय. शिक्क्याची एक पट्टी राणीच्या नाकावरून गेलीय." मी अल्बम उघडून भिंग लावलं. दात तुटलेला होता, पट्टी नाकावर होती. दुसऱ्याच्या शिक्क्यातला आकडा अर्धाच उठला होता, तोही तसाच. तिसरं, चौथं, सगळी जुळली. माणसाने एकेका तिकिटाचं पाढ्यासारखं पाठांतर केलं होतं.

"काका, एकही तिकीट बदललेलं नाही. ही तुमचीच आहेत."

त्यांचा चेहरा बघवेना. "मग रंग कुठे गेला?" ते म्हणाले. "त्याने काहीतरी लावलं असणार. रंगातलाच आहे ना तो." संशय एकदा मनात शिरला की पुरावा गेला तरी तो हटत नाही, दुसरी जागा शोधतो.

मी अल्बम घेऊन फोर्टातल्या एका जुन्या तिकीटवाल्याकडे गेलो. पिकलेले केस, डोळ्याला भिंग चिकटलेलं. त्याने पान पाहिलं, नाकाशी नेऊन हुंगलं आणि माझ्याकडे बघून हसला. "साब, इसको गंधक लगा है. ये पुराना नारिंगी रंग में सीसा होता है. गंधक की हवा लगी तो काला पडता है. रबर में गंधक होता है, उसके पास रखा था क्या?"

"बरा होतो का?"

"कान साफ करने की दवा आती है ना, पेरॉक्साइड? ब्रश से जरासा लगाव. देखो फिर."

तिथून मी थेट मुलुंडला काकांच्या घरी गेलो. काका बाहेर गेले होते. सून बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. मी सरळ विचारलं, "ताई, अल्बम कशात गुंडाळला होतात?"

तिच्या डोळ्यांतून पाणीच आलं. मग सगळं बाहेर पडलं. भिंतीला ओल आली, कपाटाच्या मागचा पत्रा ओला झाला. बाबांचा जीव त्या अल्बमात. तो भिजला तर त्यांना काय तोंड दाखवू, म्हणून तिने देवापाठीमागची किल्ली घेतली, कपाट उघडलं आणि अल्बम बाळाखाली घालायच्या रबराच्या कापडात घट्ट बांधून ठेवला. "पाणी आत जाणार नाही असं दुसरं काय होतं घरात?" ती म्हणाली. बाबा यायच्या आधी तिने तो सोडून, पुसून, होता तिथे ठेवला.

"मग बोलला का नाहीत?"

"त्या कपाटाला कोणी हात लावायचा नाही, अशी बाबांची ताकीद आहे. भावालाही मीच शपथ घातली. मला वाटलं माझ्या हातूनच काही बिघडलं. आता तो चोर ठरला आणि मी इथे बसलेय."

संध्याकाळी मी तिघांनाही ठाण्यात बोलावलं. औषधाच्या दुकानातून एक छोटी बाटली आणि शाळेतल्या मुलांचा ब्रश आणवला. काकांना सगळं सांगितलं, पण त्यांना पटेना. मी म्हटलं, "एक तिकीट निवडा आणि तुमच्याच हाताने लावून बघा."

"बिघडलं तर?"

"बिघडलं तर एक तिकीट गेलं. पण मी गुन्हा नोंदवला आणि हा निर्दोष निघाला, तर काय जाईल त्याचा हिशोब तुम्ही करा."

त्यांनी पहिलंच तिकीट निवडलं, तुटक्या दाताचं. चिमट्याने काढलं, टीपकागदावर ठेवलं आणि ब्रश फिरवला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग कडेने तपकिरी पुटासारखं विरत गेलं आणि खालून नारिंगी वर आलं. लख्ख. हवालदार वाकून बघत होते, ते हळूच म्हणाले, "आयशप्पथ."

काकांनी तिकीट चिमट्याने उचलून दिव्याखाली धरलं. मग सुनेकडे न बघताच म्हणाले, "माझ्यासाठी केलंस, आणि मी तुला घराबाहेर काढायला निघालो होतो. चुकलो गं मी." सदऱ्याच्या खिशातून त्यांनी किल्ली काढली आणि तिच्या हातात दिली. "ही तुझ्याकडे. लागेल तेव्हा उघड." ती रडायलाच लागली.

मग ते पोराकडे वळले. त्यांना काही बोलायचं होतं, पण तोच आधी बोलला. आवाज अजिबात चढवला नाही त्याने.

"काका, कुठल्या तिकिटाचा कुठला दात पडलाय, तुम्हाला डोळे मिटून सांगता आलं. मी इतकी वर्षं तुमच्याकडे येतोय. माझं काहीच नाही आठवलं?"

एवढं बोलून तो निघून गेला. मी अडवलं नाही. अडवायला आता कारणच नव्हतं. काकांनी तक्रार मागे घेत असल्याचं लिहून दिलं, मी कागद फायलीला लावला आणि सरकारच्या दृष्टीने प्रकरण निकाली निघालं.

पुढे काही आठवड्यांनी काका पुन्हा आले. बारीक झाले होते. सून घरातच होती, तिचं ठीक चाललं होतं. "तो येत नाही," ते म्हणाले. "निरोप पाठवले. येतो म्हणतो आणि येत नाही."

"तुम्ही गेलात का?"

"नाही," ते म्हणाले. लग्नाची बोलणी करायला एकदा गेले होते त्या चाळीत, त्यानंतर कधीच नाही. तो दर रविवारी यायचा आणि ते दार उघडायचे, एवढंच. मग म्हणाले, "एकट्याने जायची हिंमत होत नाही. तुम्ही येता का?"

असलं काम कुठल्या नियमात बसत नाही. तरी रविवारी साध्या कपड्यात मी त्यांच्याबरोबर विक्रोळीला गेलो. दुसऱ्या मजल्यावरची खोली. दारात पोराची आई तांदूळ निवडत बसली होती. तिने काकांना पाहिलं, मग माझ्या बुटांकडे पाहिलं. गणवेश नसला तरी आमचे बूट लपत नाहीत.

"पोलिसाक कित्याक घेवन इलात?" तिने काकांना विचारलं.

"एकट्याने यायची लाज वाटली, विहीणबाई," काका म्हणाले. "मी तुमच्या मुलावर खोटा आळ घेतला."

ती ताट बाजूला सारून आत गेली आणि चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला. पोरगा आतल्या बाजूला उभा होता. काकांनी पाकिटातून एक तिकीट काढलं. नारिंगी, औषध लावून बरं केलेलं. "ओळीत हे कुठे बसतं ते ठरत नाहीये," ते म्हणाले. "माझी नजर आता पहिली राहिली नाही. बघतोस?"

ही थाप होती. त्यांची नजर उत्तम होती, हे मला माहीत होतं आणि त्यालाही. तो तसाच उभा राहिला. मला वाटलं, नाही म्हणणार. मग त्याने हात पँटला पुसले, तिकीट घेतलं आणि गॅलरीत उजेडाला नेलं. उलटसुलट करून बराच वेळ पाहिलं.

"पिवळ्याकडे जातंय," तो म्हणाला. "दुसऱ्याच्या नंतर लावा."

"तूच ये आणि लाव."

त्याने तिकीट काकांना परत दिलं. "आज जादा शिफ्टला बोलावलंय. पुढच्या रविवारी दुपारून येतो."

काकांनी मान हलवली. आईने तिघांना चहा दिला, मलाही. इतका गोड चहा मी पीत नाही, पण तो सगळा प्यायलो.

पोलीस माणसाला निर्दोष म्हणू शकतात. त्यापुढचं काम ज्याने आळ घेतला त्याचं असतं, आणि ते कागदावर उरकता येत नाही, हे मला त्या चाळीत कळलं. पुढे नोकरीत कोणी खोट्या आळातून सुटला की मी फिर्यादीला कागदावर सही करायला लावायचो आणि मग विचारायचो, "आता त्याच्या घरी कधी जाताय?" काही जण वेड्याकडे बघावं तसे माझ्याकडे बघत. काही जण मात्र थांबत आणि त्याचा पत्ता लिहून घेत.